पाहुणे आले की शेवभाजीची तर्री का रुसते?

चौघांसाठी केली की जमते, दहा जणांसाठी केली की बिघडते. शेवभाजीचं हे माझ्या घरी चार दिवाळ्या चाललं. हात तोच, मसाला तोच, कढईही तीच. पुण्याहून नणंद-नंदोई आणि त्यांची पोरं धुळ्यात उतरली की फर्माईश ठरलेली असते, "वहिनी, हॉटेलात नको, तुम्हीच करा ढाब्यासारखी." मग पहिल्या वर्षी तर्रीच आली नाही. दुसऱ्या वर्षी रस्सा कडवट झाला. तिसऱ्या वर्षी शेवेची लापशी झाली. चौथ्या वर्षी सासूबाईंनी वाटी तिरपी करून विचारलं, "हाऊ रस्सा शे का दायनं पानी?" (हा रस्सा आहे की डाळीचं पाणी?) नंदोई हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तुमच्याकडेही असंच होत असेल, तर ढाबेवाल्याकडे काही गुपित मसाला असतो हे आधी डोक्यातून काढून टाका. कांदा, सुकं खोबरं, लसूण, तिखट, काळा मसाला, शेंगदाण्याचं तेल आणि बेसनाची शेव, एवढाच त्याचा संसार. घरात भाजीचं पान नसेल त्या दिवशी करायची ही भाजी. ती हॉटेलच्या फळ्यावर वरच्या ओळीत जाऊन बसली, ते काही सामानाच्या जोरावर नाही.

फरक कुठे आहे ते मला सुरत रस्त्यावरच्या एका ढाब्यावर कळलं, तेही आडवेळी गेल्यामुळे. दुपारचे चार वाजले होते, गिऱ्हाईक कुणी नव्हतं, आणि आचारी भल्यामोठ्या कढईत उलथनं फिरवत उभा होता. म्हणाला, "ताई, जेवण सातनंतर. आता मसाला चाललाय." किती वेळ चालतो विचारलं तर म्हणे, "तेल सोडेस्तोवर." घड्याळाचं नावच नाही. रात्री तिथे कुणी कांदा भाजत बसत नाही. रात्री फक्त दोन डाव मसाला, कढत पाणी, एक उकळी आणि वरून शेव. आपण मात्र पाहुणे बैठकीत बसल्यावर कांदे चिरायला घेतो आणि दीड-दोन तासांत पानं मांडतो. खाली जे घोटाळे सांगते ते बहुतेक सगळे त्या दीड-दोन तासांतले आहेत.

आधी सहा जणांचं प्रमाण सांगून ठेवते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. ४ मध्यम कांदे (साधारण ४०० ग्रॅम), १०० ग्रॅम सुकं खोबरं, २० ते २५ लसूण पाकळ्या, दीड इंच आलं, देठांसकट मूठभर कोथिंबीर, पाऊण वाटी म्हणजे १५० मिलि शेंगदाण्याचं तेल, २ मोठे चमचे लाल तिखट, २ मोठे चमचे काळा मसाला, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, दीड लिटर कढत पाणी आणि ३०० ग्रॅम भाजीची शेव. टोमॅटो नाही. काही ढाब्यांवर घालतात, पण टोमॅटो पडला की रस्सा पंजाबी ग्रेव्हीच्या वाटेला लागतो, हे माझं मत. तुम्हाला आवडत असेल तर घाला आणि मला सांगू नका.

तर्री येत नाही

सगळ्यात जास्त तक्रार याचीच, म्हणून इथे जरा बसून बोलू.

तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. तर्री म्हणजे तोच रंग घेऊन वर आलेलं तेल. तेव्हा तर्री दिसत नसेल तर एकतर तेल मुळात कमी पडलं आहे, नाहीतर ते रस्स्यात कुठेतरी अडकून बसलं आहे. दोन्ही तपासायचे.

पहिलं तपासायला सोपं. वाटी घेऊन तेल मोजा. आपला हात रोजच्या भाजीच्या सवयीचा असतो, त्यातून डॉक्टरांनी कुणाला तरी तेल कमी सांगितलेलं असतं, म्हणून सहा जणांच्या रस्स्याला चार पळ्या घालून आपण ढाब्याची वाट बघतो. तसं होत नाही. तेल कमी खायचं असेल तर रोज कमी खा. त्या रात्री पाऊण वाटी घाला, आणि ज्याला नको त्याच्या वाटीतून वरची तर्री डावाने बाजूला काढा. तर्री काढून घेता येते. नसलेली वाढता येत नाही.

तेल पुरेसं असूनही तर्री नसेल, तर चोर वाटणात आहे. वाटणातलं पाणी पुरतं आटल्याशिवाय ते तेल सोडत नाही. जोवर पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या आसपास घुटमळत राहतं, आणि खमंगपणा यायला लागतो तो त्याच्या बराच वर गेल्यावर. म्हणजे पाणी असेपर्यंत आपण वाटण परतत नसतो, उकडत असतो. दिसायला दोन्ही सारखंच. कान लावा. पाणी असताना कढईतून फदफद आवाज येतो आणि शिंतोडे उडतात. पाणी संपलं की आवाज बारीक होऊन चुरचुर लागतो, वाटण कडा सोडून गोळ्यासारखं फिरायला लागतं आणि कडेने तेल चमकतं. ती चुरचुर ऐकू येईपर्यंत पाणी ओतायचं नाही, पाहुणे कितीही खाकरले तरी.

आता चौघांची जमते आणि दहा जणांची का बिघडते ते बघा. वाटण अडीचपट झालं, कढई तेवढीच, बर्नर तेवढाच. पाणी अडीचपट, पण वाफ निघून जायला वरचं तोंड तेवढंच. चौघांच्या वाटणाला मला १५ मिनिटं लागतात. दहा जणांच्या वाटणाला पाऊण तास लागायला हवा होता, आणि मी घड्याळ बघून वीस मिनिटांनी पाणी ओतत होते. चार वर्षं. ढाब्याच्या भट्टीची धग घरच्या शेगडीला नसते, हे मान्य. पण त्यावर उपाय धग वाढवणं हा नाही, कारण गॅस मोठा केला की खालचं करपतं आणि वरचं उकडतच राहतं. दोन कढया घ्या आणि वाटण निम्मं निम्मं परता. किंवा एकच कढई असेल तर दोन खेपांत. मला दोन खेपा जास्त पटतात, कारण पहिल्या खेपेला कान तयार होतो.

दिवाळीचंच आणखी एक कारण आहे, ते मला फार उशिरा उमगलं. उन्हाळ्यातला साठवणीचा कांदा तोवर संपत आलेला असतो आणि बाजारात खरिपाचा नवा लाल कांदा येतो. तो जास्त पाणीदार. त्याच चार कांद्यांत जास्त पाणी, म्हणजे परतायला जास्त वेळ. जुना कांदा मिळत असेल तर तोच घ्या. नसेल तर नवा कांदा चिरून परतण्याऐवजी सालासकट थेट गॅसच्या आचेवर भाजा, वरची साल काळी होऊन आत मऊ होईपर्यंत. साल काढली की आतला कांदा थोडं पाणी सोडून आलेला असतो, आणि चुलीचा थोडा वासही फुकटात मिळतो.

मिक्सर हा तिसरा पाणीवाला. पाट्यावर वाटताना हाताने शिंपडतो तेवढंच पाणी जायचं. मिक्सर फिरत नाही म्हणून आपण भसकन अर्धा पेला ओततो आणि मग तेच पाणी गॅस जाळून आटवत बसतो. खोबरं आधी कोरडंच बारीक करा. त्यात लसूण-आलं-कोथिंबीर. कांदा सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या पाण्यावरच भांडं फिरायला लागतं. आणि कांदा थंड होऊ द्या. गरम वाटण मिक्सरला लावल्यावर झाकण उडालं की काय होतं ते माझ्या छताला विचारा. रंग अजून निघालेला नाही.

एवढं सगळं केलं आणि तरी तर्री नाही, असं झालं तर दोन गोष्टी राहिल्या. रस्सा दाट करायला शेंगदाण्याचं कूट घातलं का? कूट तेलाला धरून ठेवतं. दोन चमच्यांच्या वर गेलं की तर्रीचा नाद सोडायचा. दुसरी, रस्सा धडधडा उकळला का? जोराच्या उकळीत तेल घुसळलं जाऊन रस्स्यात मिसळतं. पाणी घातल्यावर एक उकळी आली की गॅस बारीक करायचा, कडेला बुडबुडे येत राहतील इतपत, आणि २० मिनिटं तसंच ठेवायचं. मग गॅस बंद करून आणखी २० मिनिटं हात लावायचा नाही. तर्री या शांततेत वर येते. कुणी येऊन डाव फिरवला की परत पहिल्यापासून. (आमच्याकडे हे काम नंदोई करतात. "बघतो हं जरा काय झालंय," म्हणत.)

पाणी कढतच घाला. गार पाण्याने कढई बसते, पुन्हा उकळी यायला दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात जड मसाला तळाला जाऊन चिकटतो.

रस्सा कडवट लागतो

इथे संशयित तीन. करपलेला लसूण, करपलेलं तिखट आणि जास्त झालेला काळा मसाला.

लसूण तपकिरी झाला की कडू झाला, त्याला माफी नाही. तो वाटणातच असावा, तेलात वेगळा टाकू नये, म्हणजे प्रश्नच येत नाही. खोबऱ्याचंही तेच; काळ्या मसाल्याचा रस्सा काळा असतो म्हणून खोबरं काळं करायचं नसतं. गडद बदामी झालं की तव्यावरून खाली, कारण तवा उतरवल्यावरही ते भाजत राहतं.

तिखटाची गंमत अशी की ते कडकडीत तेलात तीस सेकंदांतसुद्धा जळतं. वाटणाने तेल सोडल्यावर गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग हळद, तिखट आणि काळा मसाला घाला, हलवा, आणि दोन चमचे कढत पाण्याचा शिपका मारून मगच गॅस पुन्हा लावा. तिखटही दोन जातींचं घ्या. नुसतं आपल्या नंदुरबारकडचं झणझणीत तिखट लाल दिसेपर्यंत घालत गेलात तर पाहुणे दुसऱ्या दिवशीही तुमचं नाव काढतील. निम्मं ते, निम्मं ब्याडगीचं. ब्याडगी रंग भरपूर देते आणि तिखटपणा बेताचा.

काळ्या मसाल्याबद्दल थोडं नाजूक बोलावं लागेल, कारण प्रत्येकीला आपल्या माहेरचा मसाला प्रिय. आपण तो उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे करून ठेवतो. दिवाळीपर्यंत सहा महिने झालेले असतात, डबा शंभरदा उघडलेला असतो, वास उडालेला असतो. मग वास येत नाही म्हणून आपण दोन चमच्यांचे चार करतो. वास तर येतच नाही, पण दगडफूल, लवंग, तमालपत्र यांचा कडवटपणा मात्र चौपट उतरतो. मसाला जुना असेल तर प्रमाण वाढवू नका. नेहमीएवढाच घाला, आणि दोन लवंगा, चार मिरे, दगडफुलाची एक पाकळी आणि चमचाभर धने कोरडे भाजून ताजे कुटून रस्सा उतरवताना टाका. जुन्या मसाल्यात जीव येतो. पुढच्या वर्षी मसाला लहान लहान बरण्यांत भरून ठेवा आणि एकेक फोडा.

आणि खरंच करपलं असेल तर? टाकून द्या. गूळ घालून, लिंबू पिळून कडूपणा झाकायचा प्रयत्न मी केला आहे. कडू, गोड आणि आंबट असा तिहेरी रस्सा तयार झाला.

शेवेची लापशी होते

हा बिघाड स्वयंपाकघरात होत नाही, पानावर होतो. रस्सा तयार झाला की आपण शेव कढईत ओततो, झाकण ठेवतो, आणि मग "चला, जेवाले बठा" म्हणून हाका मारतो. हात धुणं, पोरांना शोधणं, कुणाचा तरी फोन, यात दहा मिनिटं गेली की शेवेने रस्सा पिऊन टाकलेला असतो. उरतं ते पिठलं. ढाब्यावर शेव कढईत पडते ती तुमची ऑर्डर आल्यावर, किंवा थेट वाटीत पडते. घरीही तसंच. सगळे बसल्यावर वाटीत आधी शेव, वरून कढत रस्सा, वरून डावभर तर्री. ज्याला मऊ आवडते त्याने दोन मिनिटं थांबावं.

शेव कोणती घेता तेही बघा. आपल्याकडे दुकानात भाजीची शेव वेगळी मिळते, पेन्सिलीएवढी जाड, तिखट, जरा कडक. खायची बारीक शेव, त्यातही सोडा घालून हलकी केलेली, रस्स्यात मिनिटभरही टिकत नाही. पुण्या-मुंबईकडे भाजीची शेव मिळाली नाही तर इथूनच पार्सल नेलेलं बरं.

मीठ: शेवेत आधीच असतं, म्हणून रस्सा चाखताना एक कण अळणी वाटला पाहिजे. खारट झालाच तर बटाटा टाकून मीठ "ओढून" घेण्याच्या भानगडीत पडू नका. बटाटा रस्सा शोषतो, त्यातलं नुसतं मीठ निवडून घेत नाही. कढत पाणी वाढवा, आणि दुपारी केलेल्या वाटणातलं थोडं मागे ठेवलं असेल तर तेही घाला. थोडं मागे ठेवाच.

शेव मिळालीच नाही, तर पातोड्या. एका वाटी बेसनाला दीड वाटी पाणी, तिखट, मीठ, ओवा, आणि पीठ कढईची कड सोडेपर्यंत घोटायचं, वर झाकण ठेवून दणदणीत वाफ. पातोड्या रस्स्यात फुटतात त्या दोनच कारणांनी: पीठ कच्चं राहिलं, किंवा गरम असतानाच वड्या कापल्या. पूर्ण गार झाल्यावर कापा. वाढायची रीत शेवेचीच, वाटीत पातोड्या आणि वरून रस्सा. हाच रस्सा उकडलेल्या अंड्यांना चालतो, मटणालाही.

सगळं बरोबर आहे, पण हॉटेलचा वास नाही

भट्टीचा वास घरच्या गॅसवर येत नाही, हे खरं. धुंगार द्या. कोळशाचा एक खडा गॅसवर लाल करायचा, रस्स्यावर लहान वाटी तरंगती ठेवायची किंवा कांद्याची मोठी पाकळी, त्यात तो खडा, वर अर्धा चमचा तूप, आणि लगेच झाकण. तीन मिनिटं. पाचच्या वर गेलात तर भाजीला स्मशानाचा वास येतो, हे स्पष्टच सांगते. धुंगार दिल्यावर कढई हलवायची नाही, नाहीतर वाटी कलंडून राख रस्स्यात.

लोखंडी कढईने रस्सा काळपट आणि खमंग होतो, पण रात्रभर त्यात ठेवू नका. सकाळी लोखंडाची चव उतरलेली असते.

भरीत पाणी सोडतं

खानदेशी पान म्हटलं की शेवभाजीच्या शेजारी भरीत आलंच, आणि तेही पाहुण्यांसमोर पाणी सोडून आपली लाज काढतं. इथे अर्धा खेळ वांग्याचा. भरताला आपलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं मोठं वांगं हवं. बामणोद-आसोद्याकडचं हिवाळ्यात आलं की पिशवी भरून घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही: गर भरपूर, बी कमी. घेताना आकाराच्या मानाने हलकं लागतं ते निवडा. जड वांगं बियांनी भरलेलं असतं आणि तेच पुढे कडू लागतं.

शेतात तुरखाट्यांच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजतात तेव्हा जाळ चहूबाजूंनी लागतो. गॅसवर एकाच बाजूने लागतो. म्हणून बाहेरची साल जळून कोळसा होते आणि देठाजवळ गर कच्चा, आणि हा कच्चा गरच ठेचल्यावर पाणी सोडतो. वांग्याला सुरीने तीन-चार ठिकाणी टोचा, तेलाचा हात फिरवा, मध्यम आचेवर सतत फिरवत १५ ते २० मिनिटं भाजा, आणि देठाकडची बाजू मुद्दाम खाली धरा. काडी घातली तर देठापर्यंत लोण्यासारखी गेली पाहिजे. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल काढा, आणि गर चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. हे निथळणं बहुतेक जण गाळतात. साल काढताना वांगं नळाखाली धरणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही.

हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून घ्या, लाकडी बडगी असेल तर तीत, नाहीतर खलबत्त्यात ठेचा. मिक्सर नको, गराचा चिकट लगदा होतो. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग ठेचलेलं वांगं, आणि कांद्याची पात गॅस बंद करायच्या वेळी. मीठही शेवटी. पात आणि मीठ आधी पडलं की दोन्ही मिळून पाणी काढतात.

भाकरीबद्दल फार लिहीत नाही, कारण थापायला हातच लागतो, शब्द नाहीत. पण पाहुणे आले त्याच दिवशी भाकरी चिरते याचं कारण बहुधा पीठ असतं. ज्वारीचं पीठ महिनाभर पडून राहिलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. दादर ज्वारी दोन दिवस आधी दळून आणा, पीठ कढत पाण्यात भिजवा, आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. कळण्याची करायची असेल तर ज्वारीबरोबर सालाचे उडीद दळतानाच टाकलेले असतात, त्यामुळे ती थोडी चिवट आणि थापायला सोपी पडते. नवशिक्यांनी कळण्यापासूनच सुरुवात करावी.

साडेआठ वाजले आहेत आणि बिघडलंय

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या जणी आत्ता कढईसमोर उभ्या असणार, म्हणून तातडीचं सांगते.

तर्री नसेल तर वेगळी करा. तीन मोठे चमचे तेल तापवा, गॅस बंद, अर्धा मिनिट थांबा, एक चमचा ब्याडगीचं तिखट आणि चिमूटभर काळा मसाला घाला, आणि हे वाट्यांमध्ये वाढल्यावर वरून चमचा चमचा सोडा. कढईत ओतू नका. ही फसवणूक आहे का? आहे. पण गर्दीच्या वेळी ढाब्यावरही वरची तर्री वेगळ्या डब्यातून येताना मी पाहिली आहे.

रस्सा पातळ असेल तर मूठभर शेवच मिक्सरमधून काढून त्यात घाला आणि पाच मिनिटं बारीक आचेवर ठेवा. कुटापेक्षा बरी, कारण चव तीच राहते. वाटण कच्चं लागत असेल तर रस्स्याला उकळत बसवून उपयोग नाही. पाण्यात ते आता परतलं जाणार नाही. अर्धा तास मागून घ्या आणि बाहेर भाजलेले बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कच्चा कांदा, शेंगदाण्याचं तेल पाठवा. बिबड्यावर तेल-तिखट चोळून दिलं की पुण्याची मंडळी अर्धा तास काय, तासभर गप्प बसते, आणि हॉटेलात याला स्टार्टर म्हणतात. तेवढ्यात मागे ठेवलेलं वाटण नव्याने परता आणि रस्स्यात सोडा.

यंदा मी काय केलं ते सांगते. वाटण आदल्या दिवशी दुपारी परतून, तेल सोडलेलं तसंच, स्टीलच्या डब्यात फ्रिजला लावलं. तेलाचा थर वर होता, दोन दिवस त्याला काही होत नाही. वांगी सकाळी भाजून ठेवली. संध्याकाळी साडेसातला वाटण गरम करून मसाले, पाणी, बारीक आच. आठला गॅस बंद. भाकऱ्या तेवढ्या ऐनवेळी, त्याला इलाज नाही. केळीची पानं मेहुण्याने रावेरहून येताना आणली होती. स्टीलच्या ताटात पान ठेवलं, मधे तर्रीने लाल झालेली वाटी, बाजूला भरताचा गोळा, लिंबाची फोड. नणंदेने जेवायच्या आधी फोटो काढला. शेवटी गोड म्हणून केळ्याचं शिकरण, आमच्याकडे केळ्यांना काय तोटा.

सासूबाईंनी वाटी तिरपी केली. तर्री कडेला सरकली आणि पुन्हा मधे आली. त्या काही बोलल्या नाहीत, भाकरी कुस्करायला लागल्या.

उरलेल्या रस्स्याचं: शेव न घातलेला असेल तरच तो सकाळपर्यंत चांगला राहतो, आणि सकाळी तो रात्रीपेक्षा सरस लागतो. त्यात शिळी भाकरी चुरून, वर कच्चा कांदा. परतलेलं वाटण उरलं तर लहान डब्यांमध्ये भरून फ्रीझरला टाका, महिनाभर चालतं; पण डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. मी लिहिलं नव्हतं, आणि मुलाने ते चॉकलेट समजून चमचाभर तोंडात टाकलं.